छातीतील कळ आणि ‘ई’ जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल: चार महिन्यांचा अनुभव

हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा असल्यामुळे जिना चढताना किंवा भराभर चालताना माझ्या छातीत कळ येते. ती कमी होईल असे एका स्नेह्यांनी खात्रीने सांगितल्यावरून परभणीतील औषधाच्या दुकानातून ‘ई’ जीवनसत्त्वाच्या ४०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल आणल्या आणि मार्च ते जून रोज एक घेतली. डॉक्टरांनी दिलेली औषधे या काळात बंद केली नाहीत.

कळ आल्यावर जिभेखाली ठेवायच्या गोळ्या किती लागल्या, हे मी वहीत लिहीत होतो. मार्चमध्ये ११ लागल्या आणि मेमध्ये अवघ्या ४. एवढ्यावरच कॅप्सूलचे कौतुक लिहायला बसलो होतो. परंतु वही पुन्हा चाळताना लक्षात आले, की मराठवाड्यातील मे महिन्याच्या उन्हाने माझे फिरणेच बंद पाडले होते. चालणेच नाही, तर कळ कोठून येणार? जूनमध्ये पाऊस पडून फिरणे सुरू झाले आणि कॅप्सूल चालू असतानाही गोळ्या १० वर गेल्या.

हे दुखणे मुळातच कमीजास्त होणारे असल्याने एकट्याच्या अनुभवावर विसंबता येत नाही; त्यासाठी काही रुग्णांना खरे औषध व इतरांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली कॅप्सूल देऊन तुलना करावी लागते. कॅनडातील शूट बंधू या डॉक्टरांनी १९४० च्या दशकात या जीवनसत्त्वाचा हृदयरोगावरील औषध म्हणून मोठा गाजावाजा केला होता. मात्र २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ चाचणीत नऊ हजारांहून अधिक रुग्णांपैकी निम्म्यांना सुमारे साडेचार वर्षे रोज ४०० युनिट (जीवनसत्त्व मोजण्याचे एक माप) ‘ई’ जीवनसत्त्व देऊनही हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांत फरक पडला नाही. पुढे २००५ मध्ये तर या कॅप्सूल घेणाऱ्यांत हृदय निकामी होण्याचे प्रमाण अधिक आढळले. रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांना मोठ्या मात्रेने रक्तस्रावाचाही धोका असतो, आणि दुकानदाराने याविषयी चकार शब्द काढला नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

कॅप्सूल गिळायला सोपी आहे, पोटाला त्रास झाला नाही. परंतु प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १५ मिलिग्रॅम पुरते, आणि आपल्याकडच्या करडईच्या तेलात व शेंगदाण्यात हे जीवनसत्त्व भरपूर असते. मग ४०० कशासाठी, याचे उत्तर मला वेष्टनावर सापडले नाही.

उरलेली पट्टी सुनेने खोबरेल तेलात फोडून केसांना लावली. तिची काही तक्रार नाही.