अलर्टमॅनेजरमध्ये अलर्टच्या वेळा लावणं: काही महिन्यांच्या वापरानंतर

अलर्ट कशावर लावायचे यावर प्रत्येक टीम भरपूर डोकं चालवते. ते कोणाला, कधी आणि किती वेळा जावेत, हा विषय मात्र रात्री फोन वाजायला लागल्यावरच निघतो. सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या प्रोमिथियससोबत, त्याचे अलर्ट माणसांपर्यंत पोचवणारा अलर्टमॅनेजर वापरतोय, त्यातल्या या दुसऱ्या भागाबद्दल लिहितोय.

मूळ सेटिंग अशी: ग्रुप वेट (एकत्र बांधलेल्या अलर्टचा पहिला मेसेज जाण्याआधीची वाट) ३० सेकंद, ग्रुप इंटरव्हल (त्या गटाची पुढची तपासणी) ५ मिनिटं, रिपीट इंटरव्हल (तोच मेसेज पुन्हा) ४ तास. पहिल्या दोघांना हात लावायची गरज पडली नाही. रिपीट मात्र प्रत्येक रूटला, म्हणजे कोणता अलर्ट कोणाकडे हे ठरवणाऱ्या नियमाला, वेगळं हवं. डिस्क ८० टक्के भरल्याचं दर चार तासांनी ऐकून ती कोणी लवकर रिकामी करत नाही, दिवसातून एकदा पुरे. डेटाबेस बंद असेल तर तासाभरात पुन्हा कळलंच पाहिजे. हा आकडा ग्रुप इंटरव्हलच्या पटीत ठेवा. ७ मिनिटं लिहिलीत तरी मेसेज १० मिनिटांनीच येणार, कारण तपासणी दर ५ मिनिटांनीच होते.

खरी गंमत वेळापत्रकात आहे. वेळा एकदा नावासकट लिहायच्या आणि रूटला 'या वेळात गप्प' किंवा 'याच वेळात बोल' असं जोडायचं. कल्पना झकास, पण रात्र एका ओळीत मावत नाही. सुरुवातीची वेळ शेवटच्या वेळेआधीचीच लागते, म्हणून २२:०० ते २४:०० आणि ००:०० ते ०६:०० असे दोन तुकडे करावे लागतात. त्यात वारांची भानगड. दोन्ही तुकड्यांना सोमवार ते शुक्रवार लावलं, की शुक्रवारी मध्यरात्र उलटताच शनिवार लागतो आणि अलर्ट पुन्हा सुरू. पहाटेच्या तुकड्याला मंगळवार ते शनिवार द्यायचं. शिवाय लोकेशन (कुठल्या ठिकाणची घड्याळवेळ) लिहिलं नाही, तर सगळ्या वेळा यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, धरल्या जातात.

गप्प ठेवलेले मेसेज कुठे साठत नाहीत, हे टीममध्ये सगळ्यांना माहीत हवं. सकाळी बिघाड चालूच असेल तर मेसेज येतो. रात्रीतच येऊन गेला असेल तर काहीच येत नाही, त्यासाठी ग्राफच बघायचा. त्यामुळे नेटवर्क थोडा वेळ तुटण्यासारखे अलर्ट मी या वेळापत्रकात घालत नाही. सगळ्यात वरच्या मुख्य रूटला तर गप्प बसवताच येत नाही, आणि ते योग्यच आहे: कुठल्याच रूटमध्ये न बसलेला अलर्ट निदान तिथे तरी पोचतो.

कोणता अलर्ट कोणाकडे जाईल हे ॲमटूल या अलर्टमॅनेजरच्याच कमांडने आधीच तपासता येतं. यामल फाइल (जिच्यात ही सगळी सेटिंग लिहितात) बदलली की मी ते चालवतोच.

ड्युटीची पाळी लावायची सोय यात नाही. या आठवड्यात कोण, पुढच्या आठवड्यात कोण, यासाठी वेगळी ऑन-कॉल सेवा जोडावी लागते. सुट्ट्यांचंही तसंच: तारखा फाइलमध्ये हाताने भरायच्या आणि तारीख बदलणारे सण असतील तर दरवर्षी नव्याने.