१/२४ चा टाटा-मर्सिडीज आणि टँकवाला एअरब्रश : बरेच महिने वापरल्यावर

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकतो. छोट्या टँकचा कंप्रेसर आणि ०.३ नोझलचा डबल ॲक्शन एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारा पेन, ट्रिगर दाबला की हवा, मागे ओढला की रंग) असा सेट दिवाळीच्या आधी घेतला, इंदूरचा मे त्याच्यावर काढला, आता अर्धा पावसाळाही झाला, पैसे वसूल आहेत. पण अख्खा मॉडेल ट्रक (१/२४, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या मापाचा) त्यानेच रंगवायला जाल तर ट्रक खोटा दिसेल. का ते पुढे लिहिलंय, जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

ट्रक म्हणजे टाटा-मर्सिडीज एल-३१२, तोच गोल नाकाचा. १९५४ ला टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीजवाल्या डाइम्लर-बेंझचा करार झाला आणि जमशेदपूरला हे ट्रक बनायला लागले, आत ओएम ३१२ इंजिन, सहा सिलिंडर, ४.६ लिटर डिझेल. करार १९६९ ला संपला आणि नाकावरचा तारा जाऊन टाटाचा टी आला, त्यामुळे मॉडेलवर कुठला बिल्ला लावायचा हे ठरवलं की ट्रकचं साल आपोआप ठरतं. मी तारा लावलाय. किट न घेता सगळं पॉलिस्टायरीन शीट कापून केलं, ४२०० मिमीचा व्हीलबेस धरला, म्हणजे १/२४ मध्ये १७५ मिमी, आणि चेसिसचे सी चॅनल अर्ध्या मिलीमीटरच्या पट्ट्यांचे.

आता रंगाचं. खऱ्या केबिनचा पत्रा साधारण एक मिलीमीटरचा धरा, १/२४ मध्ये तो होतो ०.०४ मिमी. हाताने इनॅमलचे दोन हात मारले की रंगाचाच थर ०.१ मिमीपर्यंत सहज जातो, म्हणजे खऱ्या मापात जवळजवळ अडीच मिलीमीटर रंग, पत्र्यापेक्षा रंग जाड! मग बॉनेटच्या कडा गोलमटोल होतात, रिव्हेटी बुजतात, दरवाजाची फट भरून जाते, आणि बघणाऱ्याला काय बिघडलंय ते सांगता येत नाही पण खेळणं वाटतं एवढं मात्र नक्की. एअरब्रशचा खरा फायदा हा आहे, चकाचक फिनिश वगैरे नंतरच्या गोष्टी. केबिन, बॉनेट, मडगार्ड, डिझेल टाकी, जे जे पत्र्याचं आहे ते एअरब्रशनेच करा.

कंप्रेसरबद्दल म्हणाल तर बिनटँकचा घेऊ नका, हजार-दीड हजार वाचतात पण हवा धकधक करत येते आणि बारीक रेषा मारताना ती धकधक रंगात दिसते. माझा चार बार दाबाला आपोआप बंद होतो, तीनला परत चालू होतो, आवाज असा की रात्री अकराला फ्लॅटमध्ये चालवला तरी बायको उठत नाही (मुद्दाम विचारून घेतलं). कंपनीचं नाव लिहीत नाही कारण डब्यावर एक आणि बिलावर दुसरंच होतं. सोबत आलेलं रेग्युलेटर बेकार, काटा अडकायचा, ते बदललं. सोबतचा होजही कडक होता, तोही बदलला. बाकी तक्रार नाही.

रंग मी ऑटो पेंटच्या दुकानातून आणतो, एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर आणि एनसी थिनर, मिक्सिंग मशीनवर हवी ती शेड बनवून देतात. पहिल्यांदा पन्नास मिली मागितला तर दुकानदार म्हणाला, "भिया, इत्ते में तो गाडी का कान भी नी रंगेगा." पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, एनसी थिनर पॉलिस्टायरीन खातो. म्हणून आधी प्रायमर, तोही लांबून, धुक्यासारखा, ओला थर अजिबात नाही, दहा-पंधरा मिनिटं थांबून परत तसाच. प्रेशर १५ ते २० पीएसआय पुरतं. आणि एअरब्रशमधले ओ-रिंग साधे रबराचे असतील तर ते या थिनरने फुगतात, ट्रिगर जड होतो, घेतानाच टेफ्लॉनचे आहेत का विचारून घ्या. मास्कही एन९५ चालत नाही बरं का, तो धूळ अडवतो, थिनरची वाफ नाही, त्याला कार्बन कार्ट्रिजवालाच लागतो.

मे महिन्यात पाण्यातले ॲक्रिलिक वापरायचे म्हणजे शिक्षा आहे, सुईच्या टोकावरच रंग वाळतो, दर दोन मिनिटांनी टोक पुसत बसा. रिटार्डरचे थेंब टाकले तर चालतं पण मग वाळायला वेळ लागतो आणि तोवर धूळ बसते. पावसाळ्यात उलटं, एनसी वाळताना हवेतलं पाणी ओढतो आणि काळा मडगार्ड दुधाळ पांढरा पडतो. मॉइश्चर ट्रॅपने होजमधलं पाणी अडतं, खोलीतल्या दमटपणाचं तो काय करणार. म्हणून पावसाची झड लागली की मी केबिन बाजूला ठेवतो आणि कमानी, एक्सल, चाकं असली कामं काढतो, ती कशीही मॅटच हवी असतात.

आता लाकडी बॉडी. इथे एअरब्रश बंद. आपल्याकडे कंपनीतून चेसिस यायची आणि बॉडी सुताराकडे बांधायची, रंगवायचा पेंटर, ब्रशने, फळ्यांवर ओघळ आणि केसांच्या रेषा ठेवून. ते एअरब्रशने एकसारखं गुळगुळीत केलं की लाकूड प्लॅस्टिक होतं. तिथे जाड इनॅमल आणि घासलेला जुना ब्रश, फळीच्या दिशेने. फुलं, 'हॉर्न प्लीज' वगैरे तीन शून्यच्या ब्रशने हातानेच, अक्षर थोडं वाकडं आलं तर येऊ द्या, खऱ्यावरही तसंच असायचं.

मामा आयुष्यभर आग्रा-मुंबई रोडवर ट्रान्सपोर्टात होते, त्यांना दाखवला तर रंगाबद्दल चकार शब्द नाही. चष्मा वर करून म्हणाले, "हा लोड आहे का खाली?" मी म्हटलं खाली. "मग मागून एवढा बसलाय कशाला रे?" बरोबर होतं त्यांचं, रिकाम्या ट्रकच्या मागच्या कमानी चांगल्या उचललेल्या असतात, वरचे हेल्पर पाटे तर टेकतही नाहीत, आणि चाक-बॉडीतली फट मोठी दिसते. ते दुरुस्त करायच्या ऐवजी मी गव्हाची पोती भरायचं ठरवलं, इपॉक्सी पुट्टीची पोती, काम तेवढंच पण मजा जास्त.

शेवटचं धुळीचं. डस्ट म्हणून जो तयार रंग मिळतो तो पिवळट, रेगिस्तानातल्या गाड्यांचा. माळव्याची काळी माती वाळली की करडी-तपकिरी उडते, तर काळा, तपकिरी आणि थोडा पांढरा मिसळून ती शेड स्वतः करा, एक भाग रंगाला नऊ भाग थिनर, प्रेशर दहापर्यंत खाली, आणि खालून वर मारा, मडगार्डच्या आतून, टायरच्या मागच्या बाजूला जास्त, बॉनेटवर जवळजवळ काहीच नाही. इथे ०.३ नोझल पुरतं, ०.२ घ्यायची गरज मला तरी पडली नाही. स्पेअर सुई मात्र सेटबरोबरच मागवा, टोक वाकलं की रंग एका बाजूला फेकतो आणि नेमकी तीच सुई सुटी मिळायला महिना लागतो.