झोपेतला खून आणि भान हरपून केलेला खून

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचे हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. पार्क्स खटल्यातला तरुण १९८७ साली झोपेतच उठला, सुमारे २३ किलोमीटर गाडी चालवत सासुरवाडीला गेला, सासूला ठार केलं, सासऱ्यांना जखमी केलं आणि स्वतःच पोलीस ठाण्यात हजर झाला. हातांना खोल जखमा, पण वेदनेचा मागमूस नाही. सासू-सासऱ्यांशी संबंध चांगले, घराण्यात झोपेच्या तक्रारी. ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं आणि १९९२ मध्ये तेच कायम झालं.

स्टोन खटल्यातल्या नवऱ्याने बायकोवर चाकूचे ४७ वार केले. तिच्या अपमानास्पद बोलण्याने भान हरपलं, असा त्याचा बचाव. मात्र भानावर आल्यावर त्याने मृतदेह लपवला आणि मेक्सिको गाठलं. शरण आला तो नंतर. शिक्षा सदोष मनुष्यवधाची, ७ वर्षं. १९९९ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी त्याची दोषसिद्धी कायम राहिली.

फरक पुराव्याचा आहे. झोपेचा आजार पूर्वेतिहासावरून, तपासण्यांवरून पडताळता येतो. भान हरपणं बरंचसं आरोपीच्याच सांगण्यावर तोलावं लागतं. म्हणून न्यायालयाची सावधगिरी मला पटते. पण स्टोन निकालाने कृती अनैच्छिक होती हे सिद्ध करण्याचा भार सरसकट आरोपीवर टाकला, हे मला अन्यायाचं वाटतं. खरोखर आजारी माणसाने तो पेलायचा कसा? पुढे २००८ मध्ये ऑन्टारिओच्या अपील न्यायालयाने झोपेतल्या लैंगिक अत्याचारालाही मनोविकाराच्या चौकटीत बसवलं, जिथे आरोपीला गुन्ह्यासाठी जबाबदार धरत नाहीत, पण साधं निर्दोषही सोडत नाहीत. म्हणजे पार्क्ससारखी सरळ सुटका आता झोपेच्या आजारातही अवघडच.