ब्लोअरचं वायरिंग नीट बघून देणारं दुकान, जुनी गाडी असेल तर नक्की जा

सोलापुरात गाडीचा हीटर कोण लावतंय असं म्हणणारे लई भेटतात, पण जुन्या गाडीत हीटरचा ब्लोअर (हवा फेकणारा पंखा) आणि एसीचा ब्लोअर ही एकच मोटर असते हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मार्च ते जून ती चार नंबरवर, म्हणजे सगळ्यात जोरात, सलग पळते, पावसाळ्यात काच धुरकटली की तीच लागते आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे पुण्याला निघालात तर इंदापूर-भिगवणच्या पट्ट्यात उजनीच्या पाण्यावरून जे धुकं येतं त्यात समोरच्या काचेवर गरम हवा नसेल तर गाडी बाजूला घेऊन थांबावंच लागतं. म्हणजे ब्लोअर बंद पडणं ही नुसती गैरसोय नाही, सेफ्टीचा प्रश्न आहे, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

माझी गाडी २००४ ची पेट्रोल हॅचबॅक. तक्रार अशी होती की ब्लोअर चारवर टाकला की थोड्या वेळानं डॅशबोर्डखालून प्लॅस्टिक जळल्यासारखा वास यायचा आणि अधूनमधून फ्यूज उडायचा. आधी एका गॅरेजला दाखवली (नाव घेत नाही), तिथं २० अँपिअरचा पिवळा फ्यूज काढून सरळ ३० चा हिरवा बसवला आणि म्हणाले आता उडणार नाही, परत त्रास झाला तर मोटरच बदला. फ्यूज उडायचा थांबला खरा, पण वास वाढला. मग ऑफिसमधल्या एकानं अक्कलकोट रोडच्या बाजूच्या या वायरिंगच्या दुकानाचं सांगितलं.

दुकान म्हणजे एक शटर, बाहेर पत्र्याची सावली, आत एक काका आणि त्यांच्या हाताखाली एक पोरगा. काका पोराशी तेलुगूत बोलतात, टेम्पोवाल्याशी कन्नडमध्ये आणि आपल्याशी मराठीत, तिन्ही एकाच दमात. मी गेलो तेव्हा पुढं एक जुनी मारुती ८०० आणि एक सँट्रो उभी होती त्यामुळे बराच वेळ बसावं लागलं, पण बसल्या बसल्या काम बघता आलं आणि तिथंच विश्वास बसला, कारण हा माणूस आधी मोजतो आणि मग पक्कड हातात घेतो.

माझ्या गाडीचं फ्यूज बॉक्सचं झाकण काढलं, हिरवा फ्यूज बघितला आणि पहिलं वाक्य हेच, "मालक, हे कुणी बसवलं? फ्यूज मोटरसाठी नसतो, वायरसाठी असतो." मग नीट समजावून सांगितलं. वायर जेवढा करंट सोसू शकते त्याच्या आत फ्यूज उडाला पाहिजे. २० च्या लाइनवर ३० बसवला की आता सगळ्यात कमजोर वस्तू फ्यूज राहत नाही, वायर होते, आणि वायर जळते ती डॅशबोर्डच्या आत, जिथं फोम, कापड, प्लॅस्टिक सगळं पेट घेणारं असतं. आपल्याकडं फ्यूजला चांदीचा कागद गुंडाळणारे, तांब्याची तार घालणारे पण आहेत, त्यांनी हे वाक्य लिहून ठेवावं.

पुढची गोष्ट मला सगळ्यात आवडली. त्यांच्याकडं डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर आहे. साधा क्लॅम्प मीटर घरच्या लाइटचा एसी करंट मोजतो, गाडीत त्याचा उपयोग नाही. इंजिन चालू ठेवून ब्लोअर चारवर टाकला आणि वायरभोवती मीटर अडकवला, १८ अँपिअरच्या आसपास दाखवत होता. काका म्हणाले एवढ्या छोट्या गाडीच्या मोटरनं ११-१२ घ्यायला पाहिजे, म्हणजे मोटर जड फिरतेय. मग बॅटरीवर व्होल्ट मोजले, १३.९. मोटरच्या कप्लरवर (वायर जोडायच्या प्लॅस्टिकच्या सॉकेटवर) मोजले, ११.६. म्हणजे सव्वादोन व्होल्टच्या वर वाटेतच गायब. हे मोजमाप ब्लोअर चालू असतानाच करायचं असतं, बंद असताना सगळीकडं बरोबरच दाखवतं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. टेस्ट लॅम्प लावून लाइट पेटली म्हणजे लाइन ठीक, असं म्हणणाऱ्यांना इथंच चुकतं, लॅम्पला करंट लागतो किती.

मग ग्लव्ह बॉक्स काढून मोटर खाली घेतली. कप्लर हातावर ठेवून दाखवला. पांढरं प्लॅस्टिक एका पिनेभोवती तपकिरी झालेलं, कडेनं वितळून थोडं खाली ओघळलेलं, त्या पिनेचं तोंड रुंद झालेलं आणि आतला पितळी रंग जाऊन काळपट जांभळा झालेला. वास तिथूनच येत होता. काकांनी पाटीवर हिशोब मांडला, ढिल्या पिनेत ओहमचा दहावा हिस्सा जरी अडथळा असला तरी १८ अँपिअरला ३२ वॅट उष्णता एका पिनेवर तयार होते, आणि आमच्या टेबलावरचा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा आहे म्हणाले. ते ऐकल्यावर मला अक्षरशः घाम फुटला, कारण त्याच गाडीत घरचे सगळे तुळजापूरला जाऊन आले होते.

मोटरच्या पंख्याच्या पिंजऱ्यात वाळलेली पानं आणि आपल्या इथली ती बारीक पिवळट धूळ कोंबून बसलेली. बाहेरच्या हवेचा पडदा उघडा ठेवून गाडी झाडाखाली लावली की पानं वायपरच्या खालच्या जाळीतून थेट आत येतात, त्यामुळे ती जाळी साफ ठेवा हे आवर्जून सांगितलं. पंखा स्वच्छ केला, बुशला (मोटरचा दांडा ज्यात फिरतो त्या कडीला) थेंबभर तेल दिलं, जास्त दिलं तर ते कार्बनवर (मोटरच्या आत घासून करंट देणाऱ्या कांड्यांवर) जातं आणि मग वेगळा ताप, म्हणून मोजून. कार्बन अजून बरेच शिल्लक होते. परत क्लॅम्प लावला तर १२. म्हणजे जी मोटर "बदला" म्हणून सांगितली होती ती चांगलीच होती.

रेझिस्टर (खालच्या स्पीडसाठी करंट कमी करणारा भाग) पण काढून बघितला. हा भाग हवेच्या मार्गातच बसवलेला असतो कारण एक-दोन-तीन स्पीडला तो तापतो आणि ब्लोअरच्याच हवेनं थंड होतो. हवा अडली की त्याच्यावरचा थर्मल फ्यूज जातो आणि मग ब्लोअर फक्त चारवर चालतो, खालच्या स्पीडला मेलेला. तुमच्या गाडीत तसं होत असेल तर मोटर बदलू नका, आधी रेझिस्टर बघा. कधी चालतो कधी नाही आणि डॅशबोर्डखाली थापटलं की सुरू होतो, तर बहुतेक कार्बन संपलेत. आणि हेडलाइट लावली की ब्लोअर आणखी मंदावतो, तर अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेली अर्थिंगची वायर, बघा. माझा अर्थचा नट गंजलेलाच निघाला, पत्रा घासून नवीन थिंबल (वायरच्या टोकाची कडी) दाबून परत आवळला.

आता मुख्य काम, ज्यासाठी हे दुकान मी सगळ्यांना सांगतोय. जुन्या लाइनमध्ये ब्लोअरचा सगळा करंट चावीच्या स्विचमधून फिरून यायचा, वीस वर्षं जुना स्विच आणि तेवढीच जुनी वायर. काकांनी बॅटरीवरून थेट नवीन ४ एमएमची वायर ओढली, मध्ये रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) टाकला आणि जुनी लाइन फक्त रिलेच्या कॉइलला दिली. कॉइलला दीड-दोनशे मिलीअँपिअर पुरतात, त्यामुळे चावीच्या स्विचवरचा भार जवळजवळ संपलाच, आणि चावी काढली की ब्लोअर पण बंद होतो, बॅटरी उतरायची भीती नाही. नवीन लाइनचा फ्यूज २० चाच, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतरावर, कारण बॅटरी ते फ्यूज एवढ्या तुकड्याला कुणीच वाली नसतो, तो जितका छोटा तितका बरा. इंजिनच्या पत्र्यातून वायर आत घेताना भोकाला रबरी ग्रोमेट लावलं आणि वर जाळीदार स्लीव्ह, नाहीतर पत्र्याची धार वर्षभरात वायर सोलून काढते. स्पीडच्या स्विचच्या आणि रेझिस्टरच्या कप्लरला पण नवीन पिना दाबून दिल्या, कारण रिले टाकला तरी त्या बाजूचा करंट अजून तिथूनच जातो. हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, रिले टाकला म्हणजे सगळं संपलं असा दावा केला नाही. शेवटी मोटरवर व्होल्ट मोजून मलाच वाचायला लावले, १३.५.

पैसे, सगळं सामान धरून पंधराशेच्या आत. रिले दीड-दोनशेचा, फ्यूज पाच-दहा रुपयाचा, बाकी वायर, कप्लर आणि मजुरी. नवीन मोटर टाकली असती तर यापेक्षा बरेच जास्त गेले असते आणि तोच वितळलेला कप्लर नव्या मोटरला लागला असता.

आता जे आवडलं नाही ते. रिले आधी त्यांनी पिना वर करून बसवला होता, मी म्हणलं काका पावसाळ्यात पाणी साचेल, तेव्हा लगेच उलटा करून पिना खाली घेतल्या, कुरकुर नाही केली, पण मी बोललो नसतो तर तसाच राहिला असता. ग्लव्ह बॉक्सची एक क्लिप पोरानं बसवताना तोडली, ती बाजू खड्ड्यात खडखडते. पक्कं बिल मिळत नाही, पाटीवरचा हिशोब आणि तोंडी वॉरंटी. दुपारी एक ते चार फोन उचलत नाहीत. सावली दोन गाड्यांपुरतीच आहे, तिसरी गाडी उन्हात, आणि मे महिन्यात उन्हात तापलेल्या डॅशबोर्डखाली हात घालून कोण काम करणार, त्यामुळे तुमचा नंबर उद्यावर जातो.

काम झाल्यापासून आख्खा उन्हाळा गेला, वास नाही, फ्यूज तोच आहे. मध्ये एकदा मी स्वतः अर्धा तास चारवर चालवून कप्लरला हात लावून बघितला, कोमट होता, एवढंच. काकांनी हीच टेस्ट सांगितली होती, कप्लरला बोट टेकवता आलं नाही तर लगेच या.

जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत पोचा, गड्ड्याच्या यात्रेच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत जाऊ नका, त्या दिवसांत दुकान निम्मा वेळ बंद असतं. आधी कुणी फ्यूज बदलला असेल तर तो काढून टाकू नका, तसाच दाखवा. आणि किती खर्च येईल हे फोनवर विचारू नका, मोजल्याशिवाय ते आकडा सांगत नाहीत.