'द होल टेन यार्ड्स' (2004): सुपारीबाजाची जरब गेली, हसूही गेलं

सांगलीत एकांकिका किंवा फार्स बसवणाऱ्यांनी हा सिनेमा जरूर बघावा, पण करमणुकीसाठी नव्हे. हा दुसरा भाग. पहिल्यातले नट बहुतेक तेच, पात्रं तीच, तरी विनोद का पडतो ते इथे उघडं दिसतं.

आधी 2000 चा 'द होल नाइन यार्ड्स' बघाच, नाहीतर कोण कुणाची बायको आणि मेलेला माणूस जिवंत कसा, हे कळणार नाही. त्यात माँट्रियलमधल्या ऑझ या घाबरट दंतवैद्याच्या (मॅथ्यू पेरी) शेजारी जिमी 'ट्यूलिप' (ब्रूस विलिस) राहायला येतो. सुपारी घेऊन माणसं मारणं हा त्याचा धंदा. बर्गरमध्ये मेयोनीज घातल्याचा त्याचा राग इतका खरा असतो, की आता मुडदाच पडणार असं वाटतं. ऑझची तंतरते आणि आपण हसतो. दिग्दर्शक जोनाथन लिन हे 'येस मिनिस्टर' या ब्रिटिश विनोदी मालिकेच्या दोन लेखकांपैकी एक. कुठे थांबायचं ते त्यांना पक्कं ठाऊक.

दुसऱ्या भागात दिग्दर्शक बदलले, हॉवर्ड डॉइच आले. जिमी मेक्सिकोत लपलाय: एप्रन, सशाच्या तोंडाच्या सपाता, पाळलेल्या कोंबड्या, घर लख्ख ठेवायचं वेड. पहिली पाच मिनिटं गंमत वाटते. मग लक्षात येतं, आता घाबरायचं कुणाला? ऑझ धडपडतो, किंचाळतो, पण समोरचाही विदूषकच. आपल्या हरिपूरच्या देवलांच्या 'संशयकल्लोळ' नाटकातला फाल्गुनराव आठवा. त्याला आपला संशय शंभर टक्के खरा वाटतो, आपण विनोदी आहोत याची त्याला गंधवार्ताही नसते. इथला जिमी मात्र प्रेक्षकांना दाखवून मजा करतो.

खलनायकाचं तेच. केविन पोलाक पहिल्या भागात यानी गोगोलाक होता, आता त्याचाच म्हातारा बाप लाझलो. तोंडावर मेकअपचे थर आणि चुकीच्या उच्चारांचे विनोद, तेही पुन्हा पुन्हा. ऑझच्या बायकोला पळवून नेणारा माणूस असा हास्यास्पद केल्यावर अपहरणाचा ताण कुठून येणार? शेवटी सगळा डाव आधीच ठरलेला होता, हे संवादातून सांगून टाकलंय. धागेदोरे आधी पेरलेले नसल्यामुळे तो उलगडा न वाटता सारवासारव वाटते. खर्च सुमारे 4 कोटी डॉलर, जगभरची कमाई त्याहून बरीच कमी, नवल नाही.

अमांडा पीटची जिल, म्हणजे जिमीची बायको, तेवढी जमलीय. तिला मनापासून सुपारी घेणारी व्हायचंय, पण तिची गोळी सुटण्याआधीच सावज अपघातानं मरतं आणि तिची चिडचिड होते. फार्सचं खरं बीज या उपकथानकात होतं, ते वाढवलंच नाही.

दोन्ही ओळीनं लावले तर सव्वातीन तास पुरतात. पहिला घरच्या मंडळींत लावू नका, त्यात नग्नता आहे. दुसरा त्या मानानं सोज्वळ. वेळ कमी असेल तर पहिला पूर्ण बघा आणि दुसऱ्यातला फक्त मेक्सिकोतला सुरुवातीचा भाग.