नाताळच्या रात्री न आलेला पंप

२५ डिसेंबर २०२४ च्या संध्याकाळी माझे १९,८२० रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकते, कारण ऐकणारा प्रत्येक जण पहिल्यांदा तोच विचारतो. पैशांबरोबर चार तासही गेले, त्यांचं मात्र कोणी विचारत नाही.

आम्ही माशेलच्या बाजूला राहतो. सासूबाईंना, म्हणजे आईंना, वीस वर्षांचा दमा आहे. गोव्यात कसली थंडी, असं घाटावरचे पाहुणे हसत म्हणतात. डिसेंबरात पहाटे गोधडी आणि दुपारी पंखा लागतो, अंगणात दव पडतं, बागायतीत पालापाचोळा जाळतात त्याचा धूर खाली बसून राहतो. दम्याच्या माणसाला एवढं पुरतं. त्या वर्षी धाकट्याने शाळेतून सर्दी आणली, ती फिरत फिरत आईंपर्यंत पोचली.

आईंचे पंप, म्हणजे दम्याचे इनहेलर, दोन. एक रोजचा, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा ओढायचा. दुसरा धाप लागली तर घ्यायचा. रोजच्या पंपात १२० मात्रा असतात, म्हणजे तीस दिवसांचा हिशोब. आमच्या पंपाला आकडा दाखवणारी खिडकी नव्हती. मी तो कानाशी धरून हलवायची, आत खळखळ ऐकू आली की ‘आहे अजून’ म्हणून परत ठेवायची. औषध संपलं तरी आत वायू उरतो आणि तोही तसाच खळखळतो, हे मला नंतर बांबोळीच्या इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं. नंतर तारखा जुळवून पाहिल्या तर निदान दोन दिवस आई नुसता वायू ओढत होत्या. सगळं सुरू झालं ते या माझ्या चुकीतून. ती झाकून बाकीचं सांगितलं तर ही गोष्ट खोटी होईल.

नाताळच्या दिवशी साडेचारला आईंनी दुसरा पंप ओढला, तर फुस्स. तोही संपलेला. नवरा वेर्ण्याच्या कारखान्यात दुपारच्या पाळीला गेला होता, गाडीही त्याच्याकडेच. आमची फार्मसी बंद. फार्मसीवाले क्रिस्तांव, म्हणजे ख्रिश्चन, घर दुकानाच्या मागेच, नंबर माझ्या मोबाइलमध्ये. तरी मी फोन केला नाही. वर्षातून एकदा त्यांच्या घरी सगळी मुलं-नातवंडं जमतात, त्यात आपण कुठे पंप मागायला जायचं, असं वाटलं. ओळखीच्या माणसाचा सण मोडायचा संकोच वाटला, म्हणून मोबाइलवर एक अनोळखी माणूस शोधला.

‘चोवीस तास फार्मसी, घरपोच’ असं टाकल्यावर नकाशावर पहिलंच नाव आलं. हिरव्या क्रॉसचं चित्र, साडेचार तारे, पत्ता फोंड्याचा. नकाशावर दुकान कोणीही टाकू शकतो, दुसऱ्याच्या दुकानाचा नंबर बदलायला सुचवूही शकतो, हे तेव्हा डोक्यात नव्हतं.

फोन पहिल्याच घंटेला उचलला. हिंदी बोलणारा, अगदी मऊ आवाज. “मॅडम, टेन्शन मत लो, अम्माजी की दवाई एक घंटे में.” व्हॉट्सअॅपवर डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मागितला, मी पाठवला. त्या एका फोटोत आईंचं नाव, वय, आजार, डॉक्टरांचा नंबर, सगळं होतं. पुढे महिनाभर आईंच्या नावाने विम्याचे फोन येत होते ते कुठून, हे ओळखायला मला ज्योतिषी लागला नाही.

पत्ता सांगताना मी म्हटलं, देवळाकडून आत या. त्याने विचारलं, “पिन कोड?” फोंड्याचा माणूस पिन कोड विचारत नाही, ‘कोणाच्या घराकडे?’ असं विचारतो. बाणस्तारी हे इथलं जवळचंच गाव, त्याचं नाव त्याने दोनदा चुकीचं उच्चारलं. तेही मी ऐकलं आणि परप्रांतीय नोकर असेल म्हणून सोडून दिलं. हल्ली कोणत्या दुकानात नसतात?

मग त्याने ‘विंटर किट’ काढलं. घरात सगळ्यांनाच सर्दी आहे ना, मग तापाच्या गोळ्या, अँटिबायोटिक आणि फ्लूच्या कॅप्सूल, चार माणसांचा संच, सणाची २० टक्के सवलत. चिठ्ठी फक्त आईंची, ती फक्त पंपांची, आणि हा चौघांना अँटिबायोटिक द्यायला निघालेला. विषाणूच्या सर्दीवर अँटिबायोटिक चालत नाही हे मला माहीत होतं. चिठ्ठीशिवाय ते विकणं नियमात बसत नाही हेही माहीत होतं. मी किट नको म्हटलं आणि आपण किती सावध आहोत असं स्वतःशीच वाटून घेतलं. त्यानंतर जे घडलं ते या समाधानाच्या गुंगीत घडलं असावं. पंपांचे १,१८० रुपये आगाऊ भरले. पैसे पाठवताना पडद्यावर दुकानाऐवजी कोणा माणसाचं नाव आलं. “अकाउंटंट का है मॅडम, छुट्टी है ना.”

सुट्टी आहे ना. संध्याकाळभर प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे हेच उत्तर होतं. बिल का नाही, सुट्टी आहे. मुलगा का आला नाही, सुट्टीची गर्दी आहे, पुलावर अडकलाय. नाताळात पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ते तुंबतात हे आम्ही रोज बघतो, मग खोटं कसं वाटणार? आपल्याला आधीच खरं वाटत असतं तेवढंच तो परत आपल्याला सांगत होता.

सातच्या सुमाराला शेजारची आंटी कुस्वारचं, म्हणजे नाताळच्या गोडधोडाचं ताट घेऊन आली. नेवऱ्या, दोदोल, बेबिंकाचा जाड तुकडा. आई आतल्या खोलीत उशाला टेकून बसल्या होत्या. आंटीने विचारलं, “मामी कशी आहे?” मी म्हटलं, “जरा धाप आहे, औषध येतंय.” औषध येतंय म्हटल्यावर ती बिचारी काय बोलणार, गेली.

पावणेआठला त्याचा फोन. ऑर्डरचा कोड जुळत नाही, मुलगा परत फिरला, आता पैसे परत करून नवी ऑर्डर घ्यावी लागेल. मी म्हटलं, पैसे राहू द्या, पंप पाठवा. तर म्हणे, सिस्टम घेत नाही. मग त्याने फोन चालू ठेवूनच पैसे पाठवायचं अॅप उघडायला लावलं, त्या अकाउंटंटचं नाव निवडायला लावलं आणि म्हणाला, “आपका रिफंड टोकन नंबर १८६४०, बॉक्स में डालिए.” ती चौकट रकमेची होती. पुढे पिन. आतून आईंचा खोकला ऐकू येत होता, धाकटा ‘आई, आजी बघ’ म्हणून पदर ओढत होता. मी पिन टाकला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, तो द्यायला लागतो. शाळेतल्या बायांना हे मीच समजावून सांगितलेलं आहे.

बँकेचा मेसेज आला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “एरर आया मॅडम, एक बार और डालिए, दोनों वापस आएँगे.” दुसऱ्यांदा टाकले नाहीत, पण हुशारी आठवली म्हणून नव्हे. खात्यात तेवढे उरलेच नव्हते. आणि खरं सांगते, त्यानंतरही पाऊण तास मी अंगणात उभी राहून स्कूटरच्या आवाजाकडे कान लावले होते. नवा मुलगा निघालाय असं तो म्हणाला होता ना.

साडेआठला आंटी ताट न्यायला आली आणि तिने आतला श्वासाचा आवाज ऐकला. मला काही न विचारता तिने फार्मसीवाल्यांना फोन लावला. दहा मिनिटांत ते नातवाचा हात धरून, नव्या शर्टात, अर्धं शटर वर करून पंप आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडून औषध ओढायची नळी, घेऊन हजर. “एक फोन करूंक जालो ना तुका?” एक फोन करता आला नाही तुला, एवढंच म्हणाले. तो प्रश्न मला १९,८२० रुपयांपेक्षा जास्त लागला. त्यांनी आईंना दोन-चार शब्द बोलायला लावले. आई तीन शब्दांवर थांबून श्वास घेत होत्या. एक वाक्य एका श्वासात पुरं होत नसेल तर घरी पंप देत बसायचं नाही, थेट इस्पितळ, असं म्हणून त्यांनी स्वतःच्या भाच्याला गाडी काढायला लावली. वाटेत स्पेसरमधून पंप देत देत बाणस्तारीचा पूल, जुनं गोवं, बांबोळी. गोवा मेडिकल कॉलेजचा कॅज्युअल्टी विभाग नाताळला बंद नसतो. १०८ ची रुग्णवाहिकाही सुट्टीवर जात नाही. म्हणजे साडेचारलाही दोन्ही चालूच होतं. आईंना ऑक्सिजन लावला, वाफ दिली, इंजेक्शन दिलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी सोडलं.

रात्री अकराला तिथल्या बाकावरून मी १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरवर, फोन केला. त्यांनी बँक, वेळ, रक्कम आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक विचारला. हा क्रमांक अॅपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो, तो शोधण्यात माझी पाच मिनिटं गेली. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात, त्यामुळे जेवढ्या लवकर कळवाल तेवढे पुढे अडवता येतात. माझे तीन तास उशिरा कळवून ६,००० च्या आसपास अडले. उरलेल्यांची आशा मी सोडली आहे.

जानेवारीत आणखी एक फोन आला. सायबर पोलीस म्हणून, यावेळी मराठी बोलणारा. तुमची पूर्ण रक्कम सापडली आहे, १९,८२० बरोबर ना, दोन टक्के प्रक्रिया शुल्क भरा. मी पेन शोधायला लागले तर नवरा म्हणाला, “तक्रारीत आपण किती लिहिलंय?” तक्रारीत मी फक्त १८,६४० लिहिले होते, पंपांचे १,१८० लिहायचे राहून गेले होते. दोन्ही मिळून किती झाले हे तोवर घराबाहेर फक्त चोराला ठाऊक होतं.

समजा त्या रात्री पार्सल आलं असतं तर? मी ते उघडून थेट आईंच्या तोंडाला लावलं असतं, आत काय आहे ते न बघता. हा विचार मला पैशांपेक्षा जास्त छळतो. फार्मसीवाल्यांनी नंतर दाखवलं, १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० मोठ्या ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड छापणं सक्तीचं आहे. तो मोबाइलने वाचला की कंपनी, बॅच आणि मुदत दिसते. बिलावरही बॅच नंबर असतो, दोन्ही जुळवून बघायचे. बिलच देत नसेल तर औषध घ्यायचं नाही.

आता पंप फोडला की त्याच्या अंगावर मार्करने दोन तारखा लिहिते, सुरू केल्याची आणि संपण्याची. संपायची तारीख १५ डिसेंबर ते ५ जानेवारीच्या मध्ये येत असेल तर नवा पंप आधीच घरात असतो. गोव्याचा मुक्तिदिन, नाताळ, नवं वर्ष सगळं त्याच पट्ट्यात येतं, आणि ३१ च्या रात्री वाड्यावरची पोरं सरत्या वर्षाचा म्हातारा म्हणून पुतळा जाळतात तो धूर वेगळाच. आईंना फ्लूची लस दरवर्षी देतो. तिचा असर यायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून नोव्हेंबर उलटू देत नाही. फार्मसीवाल्यांना नाताळच्या आधी मीच विचारते, कोणत्या दिवशी बंद आणि अडलं तर फोन करू का. ते हसतात.

तो नकाशावरचा पत्ता खोटा असल्याचं मी आणि नवऱ्याने कळवलं. काही दिवसांनी तो गेला. परवा सहज पाहिलं तर तेच हिरव्या क्रॉसचं चित्र, तेच साडेचार तारे, नंबर नवा, गाव म्हापसा.