गिटारमधून बासरी वाजवायची, तर काय घ्यावं?

गणपतीत सोलापुरात ऑर्केस्ट्राच्या तारखा लागोपाठ लागतात आणि प्रत्येक मंडपात बासरीवाला, सनईवाला नेणं परवडत नाही. मग गिटारवाले विचारतात, मिडी पिकअप, म्हणजे तारेचा सूर ओळखून दुसऱ्या वाद्याचा आवाज काढून देणारी जोडणी, घेऊ का, आणि कुठला?

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. यंत्र तारेचं कंपन मोजून सूर ओळखतं. जाड ई तारेचं एक कंपन पूर्ण व्हायला 12 मिलिसेकंद लागतात, बारीक ईला फक्त 3. म्हणून खर्जात सूर थोडा उशिरा उमटतोच, कितीही पैसे घाला. मी बासरीचे तुकडे वरच्या सप्तकात वाजवतो आणि सिंथमध्ये (वाद्यांचे आवाज तयार करणाऱ्या यंत्रात) आवाज एक सप्तक खाली घेतो. फरक लगेच जाणवतो.

स्टेजसाठी माझं मत रोलँडच्या जीके-3 पिकअपला आणि सोबत त्यांच्याच जीआर-55 या गिटार सिंथला. प्रत्येक तारेला वेगळा पिकअप, 13 पिनांची केबल, आवाज यंत्रातच. लॅपटॉप लागत नाही, पिकअपला बॅटरी लागत नाही. तारा मात्र स्टीलच्याच हव्यात, नायलॉनवर तो चालत नाही. बसवायला घाई करू नका. पिकअप ब्रिजला अगदी चिकटून हवा. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पिकअप यांत जेमतेम 1 मिलिमीटर ठेवायचा. माझी अख्खी संध्याकाळ गेली: स्क्रू पाव फेरा फिरवायचा, सहाही तारा छेडून बघायच्या, पुन्हा फिरवायचा. केबलमध्ये काटकसर नको. माझी स्वस्तातली केबल ऐन अंतऱ्यात सैल झाली आणि सनई बंद पडली.

फिशमन ट्रिपलप्लेही तारागणिक सूर पकडतो, तोही बिनतारी. पण त्यात स्वतःचे आवाज नाहीत, ते संगणकात तयार होतात. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यानं हाच घ्यावा. मंडपात लॅपटॉप सांभाळायची तयारी असेल तरच स्टेजवर न्या.

अजून मन ठरत नसेल तर जॅम ओरिजिनचं मिडी गिटार हे सॉफ्टवेअर आधी वापरून बघा. साधी गिटार आणि ती संगणकाला जोडणारा ऑडिओ इंटरफेस पुरतो. एकेरी सुरावट छान पकडतं. भरगच्च कॉर्डमध्ये नसलेले सूर मध्येच डोकावतात, कारण सहाही तारा एकाच सिग्नलमध्ये मिसळलेल्या असतात.

जुना माल घेताना फसू नका. 2023 साली आलेला बॉसचा जीएम-800 हा गिटार सिंथ नव्या डिजिटल जीके-5 पिकअपसाठी आहे. जीके-3ची गिटार त्याला थेट लागत नाही, मध्ये जीकेसी-एडी हा कन्व्हर्टर घालावा लागतो. तो खर्च आधीच धरा.

आणि मींड. सूर ओळखून मिडी संदेश पाठवणारा कन्व्हर्टर आणि सिंथ वेगवेगळे वापरणार असाल, तर दोन्हीकडे पिच बेंडची (सूर किती सरकू शकतो त्याची) मर्यादा सारखीच ठेवा, समजा 12 अर्धस्वर तर दोन्हीकडे 12, आणि दर तारेला वेगळा मिडी चॅनल द्या. नाहीतर एक तार ओढली की सगळेच सूर सरकतात. घेण्याआधी आपलीच गिटार लावून एक मींड ओढून बघा.